मनोरीच्या कोबीवरची देवीची फौज

अळ्यांनी शकूच्या वाडीत जो कोबी शिल्लक ठेवला होता, तो त्या सकाळी गर्दीने तुडवला. मधोमध रतनमहाराज. त्यांनी एक अळी गाव फवारतं त्या औषधात बुडवून पानावर ठेवली. अळीने अंग झटकलं आणि न्याहारी पुढे चालू केली.

"विष पचवते! ही देवीची फौज!" महाराज गरजले. "नवरा गेल्यावर बाईने वाडीत फवारणीचा पंप धरला, त्याचा हा कोप!"

मग दुसऱ्या अळीवर कमंडलूतलं तीर्थ शिंपडलं. ती तडफडून मेली. गावाने हात जोडले.

शकूने जोडले नाहीत. वाडी गेली तर खायचं काय?

"वहिनी, वाडी माझ्या हवाली कर," दीर कुंडलिक कळवळून म्हणाला. कळवळा त्याला वाडी बघूनच यायचा.

तेवढ्यात मार्व्याच्या होडीने नणंद आली. उत्तरा, बोरिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. शकूचं फोनवरचं गाऱ्हाणं ऐकूनच निघालेली; हातात डबा, डब्यात अळ्या.

"माझ्या गॅलरीतल्या कुंडीतल्या कोबीवरच्या. जात हीच, पण यांना औषधाचा थेंब कधी लागलेला नाही." तिने एक त्याच औषधात बुडवली. थोड्याच वेळात ती आडवी झाली. "काय महाराज, बोरिवलीत फौजेची भरती बंद आहे का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"वहिनी, औषध कुठलं मारता गं?" उत्तराने शकूला विचारलं.

"सगळं गाव वर्गणी काढून एकच आणतं. वर्षानुवर्षं. मरेनात, तर एक झाकण जास्त."

"वाट लागली! कच्च्या मेल्या, चिवट वाचल्या, पुढची पिल्लं चिवटांचीच. देवीने नाही रे, तुम्हीच निवडून निवडून पाळल्यात!"

"मग तीर्थाने कशी मेली?" कुंडलिक उसळला.

उत्तराने महाराजांचाच कमंडलू उचलून त्यांच्यापुढे केला. "एक घोट घ्या, महाराज."

"आज... उपवास आहे."

"तीर्थाने मोडतो?"

शकूने कमंडलू हिसकावून हुंगला. वास नाकात झोंबला. "अरे, हे तर दुसरं औषध! विष बाटलीतलं, नाव देवीचं, आणि कोप माझ्या माथी?" तिचा आवाज पार जेटीपर्यंत गेला. पाठोपाठ महाराजही गेले.

"हेही सारखं माराल, तर यालाही अळ्या भीक घालणार नाहीत," उत्तरा म्हणाली. "गरजेपुरतंच मारा, औषध बदला, पीक बदला. आणि पुढचा चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी कमंडलू हुंगा."

"मग कोबीचं काय?" कुंडलिकने चाचरत विचारलं.

"यंदा भेंडी," शकू पंप उचलत म्हणाली. "आणि लावणार मीच. बाजूला हो, वाफा तुडवतोयस."