दोन्ही नमुने राहतील

थोरलीला तीन दिवस चैन पडेना. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसारखीच तीही लाळेचा नमुना देऊन आली होती. कुणाचे पूर्वज कुठून आले, वाटेत कुणाकुणात मिसळले, ते लाळेतल्या जनुकखुणांवरून शोधायचं काम चाललं होतं. अट एकच: एका घरातून एकानेच यायचं. तेच रक्त दोनदा आलं की सगळं चित्र बिघडतं.

धाकटीने सासरचं आडनाव लावलं, ‘नात्यातलं आणखी कुणी?’ याच्यापुढे ‘नाही’ लिहिलं आणि खुशाल नळीत थुंकून मोकळी झाली. वर म्हणाली, ताईच्याच थुंकीला काय सोनं लागलंय?

चौथ्या दिवशी थोरलीने वडिलांची कूस बदलली, धाकटीला त्यांच्यापाशी बसवलं आणि प्रयोगशाळा गाठली. वडील घड्याळजी, आता कमरेखाली लुळे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवावं लागे, एकदा उताणं, एकदा खिडकीकडे. भिंतीकडे तोंड करून पडणं त्यांना सोसत नसे. अकरा वर्षं तिचा एकही फेरा चुकला नव्हता.

पांढरा कोट घातलेल्या बाई नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होत्या. थोरलीने खाली बघतच सांगितलं, की फॉर्मवर खोटं लिहिलं गेलंय, आम्ही सख्ख्या बहिणी आहोत. माझा नमुना टाकून द्या, तिचा ठेवा, तिला हौस आहे.

बाई हसल्या. असं पुष्कळजण करतात, कॉम्प्युटर आपणच पकडतो, म्हणाल्या. चौदा जोड्या त्याने काढल्या होत्या; कुंपणावरून जन्मभर भांडलेले दोन शेजारी चुलतभाऊ निघाले होते. बोलता बोलता त्यांनी दोघींचे नंबर घातले. मग पुन्हा घातले.

“तुमच्या दोघींत काही नातं नाही,” त्या म्हणाल्या. “सख्खं नाही, सावत्र नाही, लांबचंसुद्धा नाही.” नमुने आधीच कमी पडत होते, त्यामुळे त्यांचा चेहरा खुलला. “बरंच झालं की. दोन्ही नमुने राहतील.”

नळ्यांची अदलाबदल झाली असेल, असं थोरली चाचरत म्हणाली. ते शक्य नाही, बाई जराशा दुखावून म्हणाल्या. प्रत्येकाची नळी त्याच्यासमोरच बंद केली होती.

परतताना तिला धाकटीचीच कीव येत होती. धाकटी घरात आली तेव्हा ही चार वर्षांची. आईचं वाढलेलं पोट काही आठवेना. आणि थोरलीचं नाक थेट वडिलांवर गेलंय, हे तर सगळेच म्हणत. म्हणजे आणलेली धाकटी. बिचारीला कधी कळू द्यायचं नाही, तिने ठरवून टाकलं.

घरी धाकटी खुर्चीवर पाय घेऊन बसली होती. दहा मिनिटं उशीर झालाय, बाबा कधीचे कण्हतायत, म्हणाली. स्वतः हात लावला नव्हता. थोरलीने तिला चहा करायला पिटाळलं आणि वडिलांच्या उशाशी वाकली.

“बाबा, धाकटीला कुठून आणलंत? मी तिला कळू देणार नाही.”

ते बघत राहिले. मग इतकं हसले, की ठसका लागला. तिने त्यांचं तोंड पुसलं.

“ती पोटची आहे. आणली तुला. मूल होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हातारपणी बघायला कुणीतरी हवं, म्हणून आणली. मागाहून ही झाली.”

“मला स्थळं येत होती...”

“मीच परत पाठवली. तू गेली असतीस तर मला वळवलं कुणी असतं? हिनं?”

धाकटी कप घेऊन दारात उभी होती.

“तरीच,” ती म्हणाली. बसली, चहावर फुंकर घातली. मग विचारलं, “म्हणजे माझा नमुना राहणार ना?”

“राहणार,” थोरली म्हणाली.

“आता वळव. पाठ दुखतेय,” वडील म्हणाले.

तिने एक हात खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, रोजच्यासारखा, जराही हिसका न देता. पाठीशी उशी लावली. गुडघ्यांत घडी केलेला टॉवेल ठेवला. तोंड भिंतीकडे झालं होतं.

“अगं, खिडकी...”

तिने पाठीमागून चादर नीट खोचली आणि घड्याळाकडे पाहिलं. पुढच्या फेऱ्याला पुरे दोन तास होते.