शेवटच्या रांगेतली ऊब

आमच्या ऑक्सेनडेनच्या चॅपलमध्ये रविवार संध्याकाळच्या उपासनेला दहा-बारा माणसं यायची, आणि त्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नसत. पण जानेवारीत टीव्हीवाले आमची स्तोत्रं चित्रित करायला आले, त्या दिवशी बाकं पुरेनात. चाळीस वर्षांत आमचा उंबरा न ओलांडलेले पलीकडच्या दरीतले बॅप्टिस्ट पंथाचे लोक आले. गिरणीमालकाची बायको नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली.

"कॅमेरा आणला तर सैतानही येईल," शेजारची डोरिस ग्रीनवुड म्हणाली, "आणि तोसुद्धा आंघोळ करून."

टीव्हीवाल्यांचा म्होरक्या एक पोरगेला माणूस होता. पायांत मऊ कातड्याचे बूट, कानांवर यंत्र. तो सगळ्यांना 'डार्लिंग' म्हणे. आमच्या दरीत हा शब्द लग्नाच्या रात्रीही कोणी वापरत नाही, त्यामुळे बायका जरा गोंधळल्या आणि पुरुषांनी खिडकीबाहेर पाहिलं.

त्याला सगळं पसंत पडलं. एक सोडून.

"हे काय ठोकतंय?"

"पाइप," आर्नल्ड सटक्लिफ म्हणाला. आर्नल्ड चॅपलचा रखवालदार, तळघरातला बॉयलर पेटवून बाकांखालच्या पाइपांतून ऊब पुरवायचं काम त्याचं. "तापले की ठोकतात. माझ्या बापाच्या वेळेपासून."

"माइकमध्ये येतंय, डार्लिंग. बंद करा ना. आमचे दिवे आहेत, त्यांचीच ऊब होईल."

आर्नल्ड खाली गेला आणि त्यानं बॉयलर विझवला. पाइप गप्प झाले. दिव्यांची ऊब झाली हेही खरं; पहिल्या तीन रांगांत गिरणीमालकाच्या बायकोला घाम फुटला आणि तिची पावडर दोनदा सारखी करावी लागली. आर्नल्डची बायको ईडा मात्र सज्जाखाली शेवटच्या रांगेत बसली होती. ती तिची आईपासूनची जागा. पुढे यायला तिला दोघांनी सांगून पाहिलं.

"दिसायचं असतं तर तरुणपणी दिसले असते," ती म्हणाली.

त्या पोराला नेमका तिचाच चेहरा आवडला. फक्त शाल नको म्हणाला. काळी शाल चेहरा गिळते. ईडा चॅपलमध्ये जूनमध्येही शाल घ्यायची, आणि आम्ही तिला त्यावरून हसायचो. तिनं शाल काढून घडी घातली, मांडीवर ठेवली. स्तोत्रं तीन-तीनदा गाऊन घेतली, दुपारभर. पुढच्या आठवड्यात तिनं अंथरूण धरलं, आणि फेब्रुवारी उजाडायच्या आत आम्ही तिला चॅपलमागच्या उतारावर ठेवून आलो. छातीत कफ धरला, डॉक्टर म्हणाले.

कार्यक्रम मार्चमधल्या एका रविवारी लागणार होता, नेमका संध्याकाळच्या उपासनेच्या वेळी. उपासना पुढे ढकलायची का, असा विषय निघाला. पाद्री प्रॉसर म्हणाले, देवाची वेळ बदलत नाही. हे सगळ्यांना एकमुखानं पटलं आणि त्या संध्याकाळी सगळे आमच्या घरी टीव्हीसमोर येऊन बसले.

माझ्या बायकोनं, मॉडनं, संच सकाळपासून लावून ठेवला होता. मध्ये बंद केला तर चित्र पळेल अशी तिला भीती. त्यामुळे आम्ही आधी दुसऱ्याच कुठल्या तरी चर्चमधली सकाळची उपासना पाहिली, मग शेतकऱ्यांसाठी सलगमांवरच्या किडीची चर्चा. खोलीत कोणाकडे शेत नव्हतं. तरी डोरिसचा नवरा म्हणाला, "कठीण आहे सलगमांचं." मग एक जुना युद्धपट झाला, त्यात आपण पुन्हा जिंकलो. मग मुलांची मालिका, मग बातम्या, ज्यात आपण तितकेसे जिंकत नव्हतो.

बातम्या चालू असताना आर्नल्ड आला. त्याच्याकडे संच नव्हता. अंगावर मर्तिकाचाच कोट, नखांत कोळसा.

"बॉयलर पेटवून आलोय," तो मला म्हणाला. "पाद्रीबाबांचं चालू होईल तिकडे. मास्तर, हे परत कधी दाखवतात?"

"नाही दाखवत, आर्नल्ड. एकदाच. मग त्याच फितीवर दुसरं काहीतरी भरतात."

"म्हणजे आत्ता बघायचं ते बघायचं."

"हो."

मॉडनं त्याला पुढची खुर्ची दिली. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला. त्याच्याकडे ईडाचा लग्नातला एक फोटो तेवढा होता, आणि त्यातही ती हलली होती.

स्तोत्रं सुरू झाली. गिरणीमालकाची बायको आली, परत आली, टोपीच्या दोन्ही बाजूंनी आली. "पैसे भरलेत का हिनं?" डोरिस म्हणाली. मग बॅप्टिस्ट. मग डोरिस स्वतः, तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई, माझी हनुवटी," आणि तिनं हनुवटी हातानं झाकली.

आणि मग ईडा. पडदाभर. गळा उघडा, डोळे पुस्तकावर नाहीत, वर कुठेतरी. गात होती.

"किती गोड दिसतेय," मॉड म्हणाली.

"देवदूतच. बघ की, कसं तेज आहे तोंडाभोवती," डोरिस म्हणाली.

आर्नल्ड पुढे वाकला. "तेज नाही ते," तो म्हणाला. "वाफ आहे."

मग आम्हाला दिसलं. प्रत्येक ओळीबरोबर ईडाच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती, गोठलेल्या रस्त्यावर घोड्याच्या निघते तशी. पहिल्या रांगांतल्या कोणाच्याही तोंडातून निघाली नव्हती. मग पडद्यावर खिडकीतली रंगीत काच आली.

आर्नल्ड उठला, मॉडला "आभार, बाई" म्हणाला आणि गेला. टोपी खुर्चीवरच राहिली. कार्यक्रम अर्धासुद्धा झाला नव्हता; ईडा अजून एकदा दिसली असती. दिसली की नाही मला माहीत नाही, कारण मी टोपी घेऊन त्याच्या मागे निघालो.

चॅपलमधले पाइप लोहाराच्या ऐरणीवर घण पडल्यासारखे ठोकत होते. रिकाम्या बाकांपुढे पाद्री प्रॉसर उपदेश करत होते. मला बघून त्यांनी आवाज किंचित वाढवला. मी त्यांना मान तुकवून तळघरात उतरलो.

आर्नल्ड कोट काढून फावड्यानं कोळसा टाकत होता.

"पुरे की आता," मी म्हणालो. "वर कोणी नाही."

"मास्तर, एक काम करता? शेवटच्या रांगेतला पाइप बघून या. हात लावून. मी उपासनेच्या वेळी कायम इथे खाली. हिवाळ्यात तिच्या जागी कधी बसलोच नाही. ती काही बोलली नाही कधी."

मी वर गेलो. सज्जाखाली ईडाच्या बाकाशी वाकून पाइपला हात लावला. थंडगार होता. पुढे सगळे ठोकत होते. हा मुका होता, आणि सांध्यावरचा गंज बघता कित्येक वर्षं मुकाच असावा. तेव्हा कुठे मला ती जूनमधली शाल कळली. बारा महिने घेतली, की हिवाळ्यात कोणी, अगदी नवराही, कारण विचारत नाही.

खाली उतरताना मी विचार केला, की बॉयलरचं खरं-खोटं मरू दे. निदान इतकी वर्षं आपली बायको आपण ऊबेत ठेवली, एवढं तरी या माणसापाशी राहू दे.

"तापलाय," मी म्हणालो. "चांगला कढत आहे."

आर्नल्डनं फावडं भिंतीला टेकवलं. माझ्या हातातून आपली टोपी घेतली, पण डोक्यावर घातली नाही.

"म्हणजे त्या दिवशी मी विझवला नसता," तो म्हणाला, "तर तिला ऊब पोचली असती."

वर पाद्रीबाबांनी शेवटचं स्तोत्र उचललं. एकटेच गात होते. पाइपांनी ताल धरला. आर्नल्डनं फावडं परत हातात घेतलं.