रिबवारने रचलेली गंजी

कैतासच्या गोठ्यात सकाळी आणखी एक शेळी मेली. त्याची बायको पिरोज हिने ती पाय धरून बाहेर ओढली आणि नवऱ्यापुढे आणून टाकली.

"आता तरी ती गंजी उतरवा. का सगळ्या मेल्यावर उतरवणार?"

 गावामागच्या उतारावर, म्हाताऱ्या ओकच्या दुबेळक्यात, कैतासच्या मुलाने, रिबवारने, उन्हाळा सरताना रचलेली पाल्याची गंजी अजून तशीच होती. बाकीच्या कधीच संपल्या होत्या, आणि बर्फाच्या दिवसांत शेळ्यांना दुसरं असतं काय? गाव म्हणे, पोराची शेवटची आठवण जपतोय म्हातारा. गावाला काय कळतंय! म्हाताऱ्याला भीती वाटत होती.

गंजी रचणं येरागबाळ्याचं काम नव्हे. ओकच्या तीन जाती, तिघींचे स्वभाव तीन. बरूचं पान जाड, पाठीला लव असलेलं, पाऊस अंगावर झेलणारं. ते तळाला आणि माथ्याला घालायचं. वियोलचं लांब, करवती कडेचं. त्याच्यावर शेळ्या जीव टाकतात, ते पोटात. माझूची मायफळं औषधाला लाख चांगली, पण पाला कडू. तो वियोलीत मिसळला की शेळ्या सगळंच पायाखाली तुडवतात. शिवाय फांद्यांची बुडं आत, शेंडे बाहेर आणि खाली झुकलेले, नाहीतर वितळलेलं बर्फ आत उतरतं आणि गंजी सडते.

रिबवारला यातलं काही म्हणता काही यायचं नाही. ही गंजी रचली त्या दिवशीही कैतास झाडाखालून, चार लोकांदेखत ओरडला होता, "अरे, वियोल कुठली नि माझू कुठली हे शेळीलासुद्धा कळतं! उतर खाली. जा, त्या चोरट्या मालवाल्या पोरांबरोबर सीमेपलीकडून ओझी वाहा, तेवढीच तुझी लायकी!" आणि तणतणत घरी निघून आला होता.

पोरगा उतरला नाही. अंधार पडेपर्यंत वरच होता. घरी आला तो न जेवता झोपला. पुढे पहिल्या बर्फात तो खरोखरच ओझी आणायला गेला, आणि घाटात बर्फाचा कडा कोसळून त्याखाली गेला.

आता गंजी सडकी निघाली तर गाव थडग्यातल्या पोराला नावं ठेवणार. कैतासला ते सोसवणार नव्हतं. पण मेलेल्या शेळीकडे बघून तो उठला.

"कैतासदादा, मी चढतो. या वयात तुझी हाडं गोळा करायला लावू नकोस," शेजारचा मजीद झाडाखाली म्हणाला.

"तू शिडी धर. तोंड नंतर चालव."

वर जाऊन कैतासने बर्फ लोटलं, माथ्यावरचा बरू उचलला आणि आत हात घातला. वियोल कोरडी होती, अजून हिरवट होती, तिचा वास येत होता. सगळे शेंडे बाहेर, खाली झुकलेले. तो माझूचं एक तरी पान सापडतंय का ते शोधत राहिला. फांदीमागून फांदी उलटी केली. एकही सापडलं नाही.

"वा रे वा!" खालून मजीद म्हणाला. "तुझ्याच हातची वाटते की!"

"माझ्या हातची नाही. मला अशी कधी जमली नाही."

पिरोज धापा टाकत उतार चढून झाडाखाली आली. "काय झालं? सडलीय का?"

"सडली असती तर बरं झालं असतं गं," कैतास वरून रडत म्हणाला, आणि त्याने पहिली फांदी खाली टाकली.