लंकाबाईची राखण

देशाच्या धान्यभांडाराचं रक्षण तीस वर्षं एका बाईच्या गळ्यावर अवलंबून होतं. देश म्हणजे कर्जतजवळची आप्पासाहेबांची सात एकर ज्वारी, आणि गळा लंकाबाईचा. एकाहत्तर सालच्या पौषात मात्र देशावर चालून यायला शत्रूच उरला नव्हता.

"आज आठवा दिस, लंकाबाई," ज्वारीतल्या राखणीच्या उंच माळ्याखाली उभे राहून आप्पासाहेब म्हणाले. "दिस मावळंपतुर दाणं खाणारं एक तरी पाखरू दाव. न्हाईतर माळा मोडतो. लाकडं गोठ्याला हुतील."

"दावते की! पाखरं काय तुमच्यावानी घड्याळ बघून येत्यात व्हय?" लंकाबाई वरून म्हणाली. मांडीवर गोफण होती. शेजारच्या खड्यांच्या ढिगातला एकही खडा आठ दिवसांत हलला नव्हता.

पूर्वी कणसं दुधात आली की भोरड्या यायच्या. आभाळाचा एक तुकडा सुटून शिवारावर पडावा, तशा. लंकाबाई पाखरांना नात्यागोत्यानं शिव्या द्यायची. साळुंकी म्हणजे नणंद, भोरड्या म्हणजे फुकटं वऱ्हाड, आणि पोपट म्हणजे जावई. "अरं ए जावायबापू, धोंड्याचं जेवान हितं न्हाई, सासूच्या दारात जा!" की गोफण सुटलीच. शेजारच्या रानातल्या नव्या सुना खुरपी थांबवून ऐकायच्या. पुढं उपयोगी पडतं. लंकाबाईचा नवरा होता तोवर पाखरांचे उपकार मानायचा. दिवसभरात शिव्या खर्ची पडून घरी फार थोड्या उरत.

मग गेल्या साली ज्वारीवरच्या चिकटा किडीवर औषध आलं. पाठीवरच्या पंपानं ते मारलं, आणि तिसऱ्या दिवशी भोरड्या बांधावर पडल्या. लंकाबाईनं दोन पाट्या भरून ओढ्याकाठी पुरल्या.

"आवशीद आजाऱ्याला देत्यात, आप्पासाहेब. ह्यास्नी काय झालं हुतं?"

"तुझंच काम हलकं झालं की!" ते म्हणाले होते.

झालं खरं. यंदा तर उचलायलाही उरलं नाही.

दिवस कलता कलता काहीतरी काळं उडत आलं आणि एका कणसावर टेकलं. कणीस झुललं. लंकाबाई ताडकन उभी राहिली. वर्षभर कोंडलेला गळा मोकळा झाला.

"आलास व्हय रं मुडद्या! आठ दिस कुठं शेन खात हुतास? बाकीचं वऱ्हाड कुठं हाय?"

आप्पासाहेब विहिरीवरून धोतर सावरत धावत आले. कपाळावर हात धरून बघू लागले. समोरच्या उन्हात त्यांना नुसता ठिपका दिसला.

"भोरडी का गं?"

लंकाबाई माळ्याच्या कडेला सरकून बघू लागली.

"भोरडीच असंल," ते म्हणाले. आवाज जरा हललेला होता. "लई दिसांनी आली. मग ऱ्हाऊ दे माळा."

नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. लंकाबाईनं त्या पाखराची दुभंगलेली शेपटी बघितली, पुन्हा एकदा बघितली.

"न्हाई," ती म्हणाली. "कोतवाल हाय. पाखराचं नाव खोटं सांगून मी भाकर खाल्ली न्हाई कधी."

गोफण कमरेला गुंडाळून ती खाली उतरली, आणि माळ्याची पहिली गाठ तिनंच सोडली.

कोतवाल ज्वारीला तोंड लावत नाही. तो किडे खातो. किडे नव्हते, म्हणून थोड्या वेळानं तोही उडून गेला.