उरलेली मुळं

"जेवणाआधी प्यायचं, एकच करवंटी. आणि काढशील ते बाजूचं मूळ, मधल्याला हात लावू नकोस." इलैतियाचा, माझ्या नवऱ्याचा, हा आवाज अजून कानात आहे. झोप न येणाऱ्याला यंगोनाच्या मुळांचं पेय कसं द्यायचं, ते त्यानंच मला शिकवलं.

तो गेला आणि माझी झोपही गेली. पहाटेची प्रार्थना, शुक्रवारचा उपास, बायबलमधला रोजचा अध्याय, काही चुकलं नाही. पण डोळा लागेना. मग मी संध्याकाळी मूळ कुटून, पाण्यात कालवून, फडक्यातून पिळून प्यायला लागले. जीभ बधिर व्हायची, खांदे सैल पडायचे आणि झोप यायची.

मार्चमधल्या वादळानं आमची यंगोनाची बाकीची झाडं नेली. एकच उरलं, आणि ते माझं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी आमची एकुलती एक केलेरा पलीकडच्या बेटावरच्या एका कॅथलिक, म्हणजे आमच्या चर्चबाहेरच्या, मुलाबरोबर निघून गेली. त्याच्या घरची माणसं यंगोनाचं झाड मुळांसकट घेऊन क्षमा मागायला आली. आमच्याकडची रीतच तशी: आपण त्या झाडाला हात लावला, की झालं गेलं मातीत पुरलं. मी इलैतियाला हात लावू दिला नाही. झाड आलं तसंच होडीतून परत गेलं. दुसऱ्या दिवशी इलैतियानं परसात यंगोनाचं एक कांडं रोवलं. शेवटच्या आजारात म्हणाला, "हे तयार झालं की तू स्वतः त्यांच्याकडे ने." मी हो म्हटलं होतं.

तेच झाड मी महिनाभर थोडं थोडं पीत होते.

आज सकाळी मूळ काढायला बसले, तेव्हा नणंद मेरेसेइनी शेजारी कसाव्याचे कंद सोलत होती. तिनं खड्ड्यात वाकून पाहिलं. "वहिनी, याला उंदीर लागला की काय?"

"मीच आहे तो."

"म्हणजे हा उंदीर दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो तर."

एका बाजूला नुसती माती होती. दुसऱ्या बाजूला चार मुळं शिल्लक होती. लहानपणी केलेरा माझ्या पोटात पाय खुपसून झोपायची. ते पाय अजून चाचपत मी जागी राहते. तिच्या मुलीला तर मी पाहिलेलंही नाही. चार वर्षांची झाली असेल.

"मी हे आज घेऊन जाते," मी म्हटलं.

"एवढंसं? हसतील गं. अर्धं झाड कोणी नेतं का?"

"हसू देत. आणखी थांबले तर हेही पिऊन संपवीन."

"आणि तुझ्या वतीनं बोलणार कोण? पुरुषमाणूस नको सोबत?"

"नाही म्हणणारी मी होते. बोलेनही मीच."

मेरेसेइनीची सुरी थांबली. "त्यांनीही परत पाठवलं तर?"

मी मुळांभोवतीची माती मोकळी करू लागले. तीच म्हणाली, "तर निदान पिऊन झोपशील. थांब, होडीवाल्याला सांगून येते."

मी झाड हलवत हलवत उपटलं. पानं तशीच ठेवली, बुंध्याला दोरी बांधली, धुतलेला झगा घातला. मग ते खांद्यावर घेऊन किनाऱ्याकडे चालू लागले.