हत्ती कोणी पाडला

"मी तुझा हत्ती पाडला. तुला रडू आलं ते माझ्यामुळे. आता मी तुला नवा करून देते."

चिमणी हे एका दमात म्हणाली. ज्याचा मातीचा हत्ती तुटला होता, त्या पोराने नाक पुसत मान डोलावली. खरं सांगते, मला मनातून गुदगुल्या झाल्या. नुसतं 'सॉरी' फेकून पळणं माझ्या बालवर्गात चालत नाही. काय केलं ते सांगायचं, भरून कसं देणार ते सांगायचं आणि मध्ये 'पण' आणायचा नाही. एकतीस वर्षं मी हेच घोकून घेतेय. पाच वर्षांच्या पोरीने इतकी नेटकी माफी मागितलेली मी पाहिली नव्हती.

मधल्या सुट्टीत सगळी पोरं घसरगुंडीवर गेली. ही एकटी वर्गात बसून मातीची सोंड वळत होती. तेवढ्यात आमच्या मावशी झाडू घेऊन आल्या. तोंडाच्या फटकळ.

"अहो बाई, हिला कशाला बसवलंय? खिडकीतला हत्ती सकाळीच पडला होता, पोरं यायच्या आधी. तुम्ही धाडकन खिडकी उघडलीत ना, तेव्हा. मीच तुकडे उचलून कट्ट्यावर ठेवले. सांगणार होते, तर तुम्ही फोनवर."

चिमणीच्या हातात तुटकी सोंड दिसली आणि मी निकाल लावून मोकळी झाले होते. मी तिच्याशेजारी खाली बसले.

"तू का नाही गं सांगितलंस, मी नाही पाडला म्हणून?"

तिने मातीवरची नजर काढली नाही. "तुम्ही म्हणालात ना. मग मीच पाडला असणार. मला आठवत नाहीये फक्त."

इतकी वर्षं मी माफी मागायला शिकवलं. 'मी नाही' म्हणायला कधी शिकवलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

सुट्टी संपल्यावर सगळ्यांना गोल बसवलं. "हत्ती मी पाडला. चिमणीने नाही. मी तिला न विचारता तिच्यावर आळ घेतला. पण तिच्या हातात..."

"बाई, पण नाही," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"बरोबर. पण नाही. चिमणे, माझं चुकलं. कसं भरून देऊ?"

तिने हाताला लागलेली माती फ्रॉकला पुसली.

"म्हणजे मी नाही पाडला?"

"नाही."

"थोडासुद्धा नाही?"

"थोडासुद्धा नाही."

तिने मोठा श्वास सोडला. "मग मला घसरगुंडी पाहिजे. आणि सोंड तुम्ही करा."

गाण्याचा तास रद्द करून मी तिला घसरगुंडीवर सोडलं आणि पायरीवर सोंड वळत बसले. ती सतरा वेळा घसरली.

शाळा सुटल्यावर आजोबा न्यायला आले. "हत्ती बाईंनी पाडला," तिने फाटकातच जाहीर केलं. "मी नाही."

आजोबा गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. "हो, मीच," मी म्हणाले, आणि दिवसभराचं ओझं उतरलं. ते दोघं निघाले. कोपऱ्यावर फळवाला भेटला, तिने त्यालाही थांबवून सांगितलं.