छातीवरचा सिंह

ग्वेईशिआंगने कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं आणि तिचा हात थांबला. समोर बसलेल्या बाईने दबक्या आवाजात विचारलं, "निघणार नाही का?"

"निघेल. पण खाली बघा."

झग्यावर शिवलेलं, सिंह भरलेलं चौकोनी कापड एका कडेने उसवलं होतं. त्याखालचं रेशीम अजून गडद निळं होतं आणि बाकीचा झगा उन्हाने विटला होता. सिंह काढला तरी छातीवर त्याची जागा दिसत राहणार होती.

चीनच्या बादशहाविरुद्धच्या क्रांतीत नानजिंग नुकतंच पडलं होतं. बाहीला पांढरी पट्टी बांधलेले क्रांतीचे शिपाई घराघरांत शिरून बादशहाच्या जमातीची, मांचू माणसं शोधत होते. समोर बसलेल्या फूचाबाईंचा नवरा मांचू फौजेतला बडा अधिकारी होता. त्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने छातीवर सिंह लावायचा असा दरबारचा नियम होता आणि त्याचे सगळे सिंह ग्वेईशिआंगनेच भरले होते. तो मांचू वस्तीच्या वेशीवरच मारला गेला. वस्ती पेटल्यावर बाई त्याचा झगा गाठोड्यात बांधून पळाल्या. वस्तीबाहेर त्यांना ठाऊक असलेलं एकच दार होतं, या भरतकामवालीचं. झगा टाकवत नव्हता, आणि सिंहासकट तो जवळ ठेवणं म्हणजे मरण होतं.

ग्वेईशिआंग त्यांना विसरलेली नव्हती. एका हिवाळ्यात याच बाईंनी तिचा सिंह परत पाठवला होता, कुत्र्यासारखा दिसतो म्हणून. निरोप येईपर्यंत तिला अंगणात उभं ठेवलं होतं आणि दार आतून लावून घेतलं होतं. लहानपणापासून बांधून आखूड केलेल्या पावलांवर ती दुपारभर बर्फात उभी होती. खरा सिंह दोघींपैकी कोणीच पाहिलेला नव्हता.

गल्लीत दार फोडल्याचा आवाज झाला. ग्वेईशिआंगची नजर मागच्या दाराकडे गेली. बाईंना तिकडून बाहेर काढलं तर तिच्यावर काहीच शेकणार नव्हतं. बाईंनी ती नजर पाहिली आणि त्या उठल्या.

"मी जाते."

दोनच शब्द, पण उत्तरेकडच्या त्या ऐटीतल्या बोलीने सगळं सांगितलं असतं. ग्वेईशिआंगने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"आता तोंड उघडू नका. काही झालं तरी."

तिने उरलेले टाके कात्रीने भराभर कापले. झगा उलटा करून अस्तर वर घेतलं आणि बाईंच्या मांडीवरून पायांवर टाकला. मांचू बायका पावलं बांधत नसत. शिपाई आधी पायच बघत होते. मग तिने सिंहाचं कापड चौकटीवर ताणलं. सिंह लाटांमधल्या खडकावर उभा होता. मान वर करून तो कोपऱ्यातल्या लाल सूर्याकडे पाहत होता. तो सूर्य म्हणजे बादशहा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिने हिरवा धागा ओवला आणि सूर्यावर आडव्या-उभ्या पाकळ्या घातल्या. खालून पिवळ्या फिती सोडल्या, त्या थेट सिंहाच्या पंजापर्यंत आणल्या. सूर्याचा चेंडू झाला. लग्नाच्या पडद्यावर, बाळाच्या टोपीवर सिंह असाच चेंडू खेळतो. दरबारातला सिंह तिने वीस वर्षं भरला होता. हा दुसरा तिच्या आईने शिकवलेला.

तिने एक सुई बाईंच्या हातात दिली. "लाटा भरत राहा."

आत आलेले शिपाई दोघे होते. थोरला सगळं घर धुंडाळून चौकटीपाशी आला. त्याने बंदुकीच्या नळीने झग्याचं अस्तर ढोसलं.

"हे काय पांघरलंय?"

"थंडी आहे, दादा. कोळसा मिळतोय कुठे?"

"ही कोण?"

"भावजय."

"तिला विचारतोय मी. बोलत का नाही?"

बाईंच्या बोटात सुई घुसली. रक्ताचा थेंब लाटांवर पडला. नळी अस्तराची कड उचलू लागली. ग्वेईशिआंगने बाईंच्या हातावर फटका मारला.

"बोलेल कुठल्या तोंडाने? जन्मभर बसून खाल्लं. आम्ही बर्फात उभं राहायचं आणि हिने आतून दार लावून घ्यायचं. स्वतःला एक टाका धड येत नाही, पण माझ्या कामाला कुत्रं म्हणाली होती. विचारा, म्हणाली की नाही ते. आता नवरा गेला, तर माझ्याच दारात आली."

तिचा आवाज कापत होता, आणि ते सोंग नव्हतं. बाईंची मान खाली गेली. डोळ्यांतून पाणी कापडावर पडलं. थोरल्या शिपायाने नळी मागे घेतली. "आवरा तुमचं तुम्ही," असं पुटपुटत तो पुढच्या घराकडे गेला.

धाकटा हलला नाही. तो सिंहाकडे पाहत होता. त्याच्या गावच्या देवळात असाच सिंह आहे, असं तो म्हणाला. त्याला बायको बाळंत झाल्याचा निरोप आला होता, पण मुलगा की मुलगी ते कळलं नव्हतं.

"हा मला द्याल?" त्याने विचारलं. हातात बंदूक होती, पण विचारलं त्याने घरच्या माणसासारखं.

ग्वेईशिआंगने शेवटची फीत पुरी केली, गाठ मारली आणि कापड सोडवून दिलं. तिने भरलेल्या सिंहांत तो सगळ्यात चांगला होता. शिपायाने घडी करून तो कोटाच्या आत ठेवला.

तो गेल्यावर ग्वेईशिआंगने दाराला कडी घातली.

"कुत्रा नव्हता तो," बाई म्हणाल्या. "मला तेव्हा सिंहातलं काही कळत नव्हतं."

 ग्वेईशिआंगने चुलीवरची पेज दोन वाडग्यांत ओतली. बाई चुलीपाशी उकिडव्या बसून जेवल्या. अंधार पडू लागल्यावर ग्वेईशिआंगच्या ओळखीच्या भाजीच्या होडीवाल्याने त्यांना टोपल्यांच्या मागे बसवून नेलं. उलटा केलेला झगा त्यांच्या अंगात होता.

पुढे बादशाही गेली. दरबारी सिंह कोणी मागेना. ग्वेईशिआंग बाळांच्या टोप्यांवर सिंह भरून पोट भरू लागली. फूचाबाईंचं काय झालं ते तिला कळलं नाही.

त्या संध्याकाळी निघण्याआधी बाईंनी आपला वाडगा स्वतः धुतला होता. धुणं त्यांना येत नव्हतं. कडेला पेजेचा पांढरा ओघळ तसाच राहिला होता. ग्वेईशिआंगने तो वाडगा परत धुतला नाही. तसाच फळीवर पालथा घातला.